सरड्याचें सोंग आणि गांवचें पाणी

(नभोवाणीवरील भाषण)

पशुपक्ष्यांच्या तोंडीं मनुष्यवाणी घातली कीं ती गोष्ट मुलांची झाली, असा एक समज आपल्या घराघरांतून रूढ आहे. तो आपल्या परंपरेंतला तर खास नव्हे. विष्णुशर्म्यानें पंचतंत्र सांगितलें तें राजपुत्रांना, आणि तेंहि त्यांना निजविण्यासाठीं नव्हे. मित्र कसा फुटतो, मंत्री राजाचे कान कसे भरतो, दुर्बळानें बलवानाशीं कसें वागावें, हें राज्य चालविण्याचें शहाणपण त्यांच्या गळीं उतरावें म्हणून त्यानें तो खटाटोप केला. त्यांतील कोल्हे, सिंह, कावळे हे नुसते मुखवटे होत. त्या मुखवट्यांआड जें चालतें तें कळावयास दरबार थोडातरी पाहिलेला असावा लागतो.

आज ज्या चित्रपटाविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, तो याच जातीचा आहे. त्याचें नांव 'रँगो'. तो २०११ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेंत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक गोर व्हर्बिन्स्की, पटकथालेखक जॉन लोगन, आणि नायकाला आवाज दिला आहे तो जॉनी डेप या प्रख्यात नटानें. चित्रांना हालतें-बोलतें करून बनविलेल्या ज्या चित्रपटांना घरांतलीं मुलें सरसकट 'कार्टून' म्हणतात, त्यांच्यांत याची गणना होते, आणि दूरचित्रवाणीच्या याद्यांतूनहि त्याला बालचित्रांच्या पंक्तीला बसविलेलें असतें. आईबाप ती पंक्ति पाहून निश्चिंत होतात, मुलाला चित्रापुढें बसवितात आणि स्वतः स्वयंपाकघरांत किंवा वर्तमानपत्रांत निघून जातात. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, या एका चित्रपटाच्या बाबतींत हा क्रम उलटा करावा. मुलाला खेळावयास पाठवावें आणि आईबापांनीं पाहावयास बसावें.

प्रथम त्याच्या कुळाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'वेस्टर्न' म्हणून अमेरिकन चित्रपटांचा एक जुना संप्रदाय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ओसाड पश्चिम मुलूख, धुळीचा एकच रस्ता, त्याच्या दुतर्फा लांकडी घरें, एक गुत्ता, एक पेढी, एक तुरुंग. कोठून तरी एक अनोळखी स्वार येतो, गुंडांचा बंदोबस्त करतो आणि आला तसा निघून जातो. पुढें १९६४ पासून सर्जिओ लेओने या इटालियन दिग्दर्शकानें या प्रकाराला एक नवेंच रूप दिलें: बोलणें थोडें, घाम फार, डोळ्यांवर खिळलेला कॅमेरा आणि शिटीचें संगीत. क्लिंट ईस्टवुड हा नट त्यांतून जगभर गाजला. आपल्यापैकीं ज्यांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांनींहि १९७५ चा 'शोले' पाहिला असेल. लेओनेच्या १९६८ च्या एका चित्रपटाचें त्यावर ऋण आहे हें जाणकार सांगत आले आहेत. तेव्हां ओसाड माळ, थरकांप उडविणारा दरोडेखोर आणि गांवाच्या रक्षणासाठीं आणलेले उपरे, ही मांडणी आपल्याला परकी नाहीं. शेरिफ हा शब्दहि मुंबईकरांना इंग्रजी अमदानीपासून ठाऊक आहे. मात्र मुंबईचा शेरिफ मानाचा धनी, आणि या चित्रपटांतला शेरिफ म्हणजे कमरेला पिस्तूल लावलेला गांवचा कोतवाल. ही जागा रिकामी फार वेळां होते, कारण ती भरणारे फार दिवस जगत नाहींत.

आतां कथा. आपल्याकडे ज्याला घोयरा सरडा म्हणतात, जो प्रसंगाप्रमाणें रंग पालटतो, तो या कथेचा नायक. तो एका कुटुंबाचा पाळीव प्राणी असून कांचेच्या पेटींत राहतो. सोबतीला प्लॅस्टिकचें ताडाचें झाड, एका बाहुलीचें मस्तकहीन धड आणि किल्ली दिली कीं पोहणारा एक खेळण्यांतला मासा. एवढ्या परिवारावर हा गृहस्थ नाटकें बसवितो! नायक तोच, दिग्दर्शक तोच, आणि माशाच्या अभिनयावर टीका करणाराहि तोच. आपल्या नाटकांत संघर्ष नाहीं, म्हणून आपल्या नायकाला कांहीं रूपच येत नाहीं, असा विचार त्याला सुचतो न सुचतो तोंच मोटारीला हिसका बसतो आणि ती पेटी मोजाव्हीच्या वाळवंटांतल्या तप्त रस्त्यावर आदळून फुटते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असें आपण म्हणतों. या सरड्याचें कुंपणच फुटतें.

तहानेनें व्याकुळ होऊन भटकतां भटकतां तो एका गांवाला पोंचतो. गांवाचें नांवच मुळीं 'डर्ट', म्हणजे धूळ. तेथील रहिवासी उंदीर, बेडूक, ससे, सरडे, पालींचीं नाना जातभाऊ. कपडे मळलेले, दांत पडके, अंगावर जखमांचे व्रण. आपला नायक गुत्त्यांत शिरतो आणि भाबडेपणानें प्यावयास पाणी मागतो. सगळा गुत्ता हसतो. हें हसणें लहान मुलाला कळत नाहीं. त्या गांवीं पाणी हें पेय राहिलेलें नसून तें चलन झालें आहे, ही गोष्ट त्या हसण्यांत आहे.

'तूं कोण?' या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी जेव्हां त्याच्यावर येते, तेव्हां त्याची नजर समोरच्या बाटलीवर जाते. तीवर 'दुरांगो' या मेक्सिकोंतील प्रांताचें नांव छापलेलें आहे. त्यांतलें अर्धें उचलून तो 'रँगो' होतो. मग सोंग अंगांत चढूं लागतें. जेंकिन्स नांवाच्या सात भावांना आपण एकाच गोळींत लोळविलें, अशी थाप तो ठोकतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहांतील शिंप्यानें एका फटक्यांत सात माशा मारल्या होत्या. याची झेप तेथून पुढची. योगायोग असा कीं, गांवाला छळणाऱ्या एका ससाण्यावर त्याच्या हातून पाण्याची रिकामी टाकी कोसळते आणि ससाणा ठार होतो. गांव त्याला डोक्यावर घेतो, आणि गांवचा नगराध्यक्ष, चाकांच्या खुर्चींत बसणारा एक वृद्ध कांसव, त्याला शेरिफ नेमतो. रँगोला वाटतें, आपल्या पराक्रमाचें चीज झालें. कांसवाच्या मनांत वेगळेंच असतें. खरा शेरिफ त्याला नकोच आहे. आपण शेरिफ आहोंत याच नादांत गुंग राहणारा माणूस त्याला हवा आहे. आणि गंमत पाहा, ज्या ससाण्याच्या मृत्यूचा उत्सव गांव करतो, त्याच ससाण्याच्या भीतीनें जेक नांवाचा एक भयंकर सर्प आजवर गांवापासून दूर राहिला होता. पराक्रमानें गांवचें दार उघडें टाकलें, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

गांवच्या पेढींत पाणी ठेवलेलें आहे. कचेऱ्यांतून पिण्याच्या पाण्याची जी मोठी प्लॅस्टिकची बाटली उलटी लावलेली आपण पाहतों, तशी एक बाटली लोखंडी तिजोरींत बंद केलेली आहे, आणि तींतलें पाणी थोड्याच दिवसांचें उरलें आहे. लोक येतात, आपल्या ठेवी मागतात, पेढीवाला हात चोळतो. दर बुधवारीं भर दुपारीं सारा गांव रांग करून, नाचत, आपापलीं भांडीं घेऊन वाळवंटांतल्या एका मोठ्या तोटीशीं जातो आणि नगराध्यक्ष ती तोटी समारंभानें उघडतो. त्या दिवशीं तींतून चिखलाचा एक गोळा बाहेर पडतो. या प्रसंगीं माझा आठ वर्षांचा नातू खदखदून हसला. मला हसूं आलें नाहीं. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, 'आजोबा, पाणी कोणी बँकेंत ठेवतें का?' मीं त्याला लातूरची हकीकत सांगितली. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें, आणि तेथें पाणी भरण्याच्या जागांपाशीं गर्दीचे तंटे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. त्यानें तें ऐकून घेतलें आणि पुन्हां सापाकडे पाहूं लागला. त्याच्या वयाला तेंच योग्य.

पुढें पेढींतली बाटली चोरीला जाते. चोरांना चोरीची वाट रँगोनेंच अजाणतां मोकळी करून दिलेली असते, कारण शेरिफच्या ऐटींत त्यानें त्यांना विहीर शोधणारे समजून परवाना लिहून दिलेला असतो! मग पाठलाग, मग वटवाघळांवर बसून केलेला हल्ला, आणि अखेर हातीं लागते ती रिकामी बाटली. पण त्या धांवपळींत एक प्रेत सांपडतें, तें पेढीवाल्याचें. भर वाळवंटांत, जेथें कोसभर पाणी नाहीं, तेथें तो बुडून मेलेला असतो.

श्रोतेहो, येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण ज्यांना जुने चित्रपट आठवतात त्यांच्या कानांत येथें घंटा वाजते. १९७४ सालीं रोमान पोलान्स्कीनें 'चायनाटाऊन' नांवाचा एक चित्रपट काढला. रॉबर्ट टाऊन या लेखकाला त्याच्या पटकथेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्यांतहि अवर्षणाचे दिवस आहेत, रात्रीच्या अंधारांत पाणी गुपचूप सोडून दिलें जात आहे, ओसाड जमिनी दुसऱ्याच नांवांनीं खरीदल्या जात आहेत, आणि पाणीखात्याचा मुख्य अधिकारी ऐन दुष्काळांत बुडून मेलेला सांपडतो. या सर्वांमागें जो वृद्ध, गोडबोल्या, अतिश्रीमंत मनुष्य आहे, त्याची भूमिका जॉन हस्टन यानें केली होती. 'रँगो'तला कांसव त्याच्याच थाटांत बोलतो. 'डर्ट' गांवच्या बीन्स नांवाच्या शेतकरणीनें रात्रीं वाळवंटांत पाणी ओतलें जातांना पाहिलेलें असतें. तिचें म्हणणें कोणी ऐकत नाहीं. मुलांच्या समजल्या जाणाऱ्या चित्रपटांत असा एक खुनाचा, जमीनखरेदीचा आणि पाणीचोरीचा जुना खटला सबंधच्या सबंध उतरवून घेतला आहे.

आणि 'चायनाटाऊन' तरी कोठून आला? त्याच्यामागें खरा इतिहास आहे, तो मुळांतून पाहण्यासारखा आहे. लॉस एंजलिस शहर वाढूं लागलें तेव्हां तेथील नदीचें पाणी त्याला पुरेना. त्या शहराचा एक माजी नगराध्यक्ष फ्रेड ईटन, आणि पाणीखात्याचा प्रमुख विल्यम मुलहॉलंड, जो आयर्लंडमधून आलेला व पाटावरचा साधा मजूर म्हणून कामाला लागलेला मनुष्य होता, या दोघांची नजर सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडील ओवेन्स खोऱ्यावर गेली. ईटननें १९०५ च्या सुमारास त्या खोऱ्यांत जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेण्यास आरंभ केला. विकणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांचा समज असा होता कीं, सरकार आपल्याच खोऱ्यासाठीं पाटबंधारे बांधणार आहे. पाणी कोठें जाणार हें कळेपर्यंत कागद झालेले होते. २३३ मैल लांबीचा तो कालवा ५ नोव्हेंबर १९१३ या दिवशीं खुला झाला. त्याच्या पाण्यावर शहराच्या उत्तरेकडील सॅन फर्नांडो खोऱ्यांतील जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि त्या जमिनी कांहीं धनिकांच्या मंडळीनें आधींच घेऊन ठेवल्या होत्या. इकडे ओवेन्स सरोवर आटलें. १९२४ सालीं खोऱ्यांतल्या चिडलेल्या शेतकऱ्यांनीं कालव्याला सुरुंग लावला, त्याचे दरवाजे ताब्यांत घेऊन पाणी पुन्हां आपल्या खोऱ्यांत सोडलें. पण उपयोग झाला नाहीं. आटलेल्या सरोवराची क्षारयुक्त धूळ वाऱ्यानें उडूं लागली, आणि ती बसविण्यासाठीं त्याच शहराला पुढें कोट्यवधि डॉलर खर्चावे लागले. १९२८ च्या मार्चमध्यें मुलहॉलंडनें बांधलेलें सेंट फ्रान्सिस धरण फुटलें आणि चारशेंहून अधिक माणसें मेलीं. फुटण्याच्या कांहीं तासच आधीं धरण पाहून तें सुरक्षित आहे असा निर्वाळा त्यानें दिला होता. त्याच्या कारकीर्दीचा अंत त्यांत झाला.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मुलहॉलंडनें तें पाणी स्वतःच्या खिशांत घातलें नाहीं. त्यानें एक महानगर जगविलें. कांसव तरी दुसरें काय म्हणतो? तो रँगोला प्रगति दाखवितो, उद्याचें शहर दाखवितो. पाणी ज्याच्या मुठींत, त्याच्या मुठींत सर्व कांहीं, हें त्याचें तत्त्व आहे, आणि तें तो ओरडून सांगत नाहीं, आजोबांनीं नातवाला सांगावें तसें सौम्यपणें सांगतो. या कांसवाची भीति मला सर्पाहून अधिक वाटली. सर्पाच्या शेपटीला खुळखुळ्याच्या जागीं एक भली मोठी बंदूक आहे, त्याच्या डोळ्यांत जाळ आहे. त्याला पाहून मूल आईच्या पदराआड जातें. कांसवाला पाहून कोणीच कोठें जात नाहीं. मुलाला सांपाची भीति शिकवावी लागत नाहीं. कांसवाची भीति मनुष्य चाळिशी उलटल्यावर, एखादा सातबाराचा उतारा हातीं आल्यावर शिकतो.

गांवचें पाणी शेवटीं कोठें गेलेलें असतें? रँगो चालत्या झाडांच्या मागोमाग जातो, तों वाळवंटापलीकडे लास वेगास शहर झगमगत असतें. तेथें हिरवळ आहे, कारंजीं आहेत, आणि नळाचा दांडा कोणीतरी फिरवून ठेवला आहे. या ठिकाणीं चित्रपटानें त्या शहरावर थोडा अन्याय केला आहे, असें माझें मत आहे. लास वेगास या स्पॅनिश शब्दांचा अर्थच मुळीं कुरणें असा आहे. तेथें एके काळीं झरे होते. झऱ्यांचें पाणी पुरेना, म्हणून आज त्या शहराचें सुमारें नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयांतून, म्हणजे १९३५ सालीं पुऱ्या झालेल्या हूव्हर धरणाच्या पाठीमागून येतें. त्या नदीच्या खालच्या भागांतील वांटणींत नेवाडा राज्याच्या वांट्याला वर्षाला तीन लाख एकर-फूट पाणी आलें, तर कॅलिफोर्नियाच्या वांट्याला चव्वेचाळीस लाख. घरांतून वापरून आलेलें पाणी शुद्ध करून हें शहर पुन्हां जलाशयांत सोडतें. शोभेची हिरवळ काढणाऱ्याला पैसे देतें. आणि २०२१ सालीं तेथें निरुपयोगी शोभेच्या गवताविरुद्ध कायदाच झाला. तेव्हां पाण्याची खरी उधळी तहान शोधूं गेल्यास ती त्या दिव्यांच्या लखलखाटापेक्षां दूरवरच्या शेतांत अधिक सांपडेल. पण चित्रकाराला शेत रंगवून कोणाला दांत-ओठ खावयास लावतां येत नाहीं. कारंजें रंगविलें कीं काम होतें.

आतां सोंगाविषयीं. पंचतंत्रांतला चंडरव कोल्हा आपल्याला आठवत असेल. कुत्र्यांच्या भीतीनें तो नीळ घातलेल्या पिंपांत पडला, निळा होऊन बाहेर आला, आणि वनांतल्या पशूंनीं त्याला राजा मानलें. पुढें एके रात्रीं कोल्हेकुई ऐकून त्याच्यानें राहवलें नाहीं. तोहि ओरडला, आणि संपला. विष्णुशर्मा तेथें थांबतो, कारण त्याला राजपुत्रांना हेंच शिकवावयाचें होतें कीं, आपल्या माणसांना सोडून परक्यांच्या बळावर बसलेला राजा टिकत नाहीं. रँगोचेंहि सोंग उघडें पडतें. जेक सर्प भर चौकांत, सगळ्या गांवादेखत त्याला विचारतो कीं, सात भाऊ तूं मारलेस काय? आणि त्याला मान खालीं घालून नाहीं म्हणावें लागतें. त्याच्या थापांवर ज्या बीन्सनें आणि ज्या एका चिमुकल्या उंदीर-मुलीनें विश्वास ठेवला, त्यांच्या डोळ्यांकडे तो पाहूं शकत नाहीं. तो गांव सोडून जातो. चंडरवाची गोष्ट येथें संपली असती. ही येथून खरी सुरू होते.

थाप एकट्या थापाड्याची असते काय? गांवाला वीर हवा होता, म्हणून त्यानें थापेची तपासणी केली नाहीं. नगराध्यक्षाला बाहुलें हवें होतें, म्हणून त्यानेंहि केली नाहीं. नवा मास्तर पहिल्या दिवशीं वर्गांत शिरतो तेव्हां तो काय करीत असतो? कपाळाला आंठ्या घालून, आवाज चढवून, जो तो नाहीं त्याचें सोंग तो आणतो. पन्नास मुलें त्या सोंगाला 'गुरुजी' म्हणून हांक मारतात. दहा वर्षांनीं केव्हां तरी त्याला कळतें कीं सोंग उतरवावयाचें राहूनच गेलें, आणि आतां खालीं निराळें असें कांहीं उरलेलें नाहीं. चांगल्या मास्तरांपैकीं पुष्कळ जण याच वाटेनें चांगले झालेले मीं पाहिले आहेत. रँगो परततो तो तसा. पेटींत एकटा असतांना तो नाटक करीत होता, कारण पाहणारें कोणीच नव्हतें. आतां पाहणारे आहेत, आणि त्यांना प्यावयास पाणी नाहीं. ज्या वाळवंटांत त्याला हें उमगतें तेथें त्याला पश्चिमेचा आत्मा म्हणून एक वृद्ध भेटतो. चेहरामोहरा क्लिंट ईस्टवुडचा, बसावयास गॉल्फच्या मैदानावरची छोटी गाडी, आणि त्या गाडींत सोन्याच्या कांहीं बाहुल्या, ज्या ऑस्करच्या पुतळ्यांसारख्या दिसतात! देव भेटला तोहि सिनेमाचाच. मुलाला हा एक म्हातारा दिसतो. आपल्याला त्यांतली चेष्टा आणि आदर दोन्ही दिसतात.

शेवटच्या द्वंद्वांत काय होतें तें मी सगळें सांगत नाहीं. पाहणाऱ्यासाठीं कांहीं ठेवलें पाहिजे. एवढेंच सांगतों कीं, काम संपतांच कांसव आपल्या भाडोत्री सर्पावरच पिस्तूल रोखतो. त्याच्या नव्या शहरांत सर्पालाहि जागा नसते. तेव्हां कोण कोणाला ओढून नेतो, आणि जातां जातां तो सर्प रँगोला टोपी काढून कशी सलामी देतो, तें अवश्य पाहावें.

चित्रणाविषयीं थोडें. हें काम 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या मंडळींनीं केलें. इतर चित्रपटांतील चमत्कृतीचीं दृश्यें बनविण्यांत त्यांचा हातखंडा होता. संपूर्ण चेतनचित्रपट त्यांनीं प्रथमच केला. नटांचे आवाज एकेकट्याला खोलींत कोंडून न घेतां सर्वांना एकत्र आणून, अंगावर टोप्या-पट्टे चढवून, सुमारें वीस दिवस खरोखरीचा अभिनय करावयास लावला, आणि तो समोर ठेवून चित्रें काढलीं. म्हणून त्यांचे शब्द एकमेकांवर आदळतात, एक बोलतांना दुसरा खाकरतो. छाया-प्रकाशासाठीं रॉजर डीकिन्स या नामांकित छायाचित्रकाराचा सल्ला घेतला होता. त्या दिवसांत जो तो चष्मा लावून पाहावयाच्या त्रिमिति चित्रांच्या मागें लागला होता. यांनीं तो मोह टाळला. २०१२ च्या फेब्रुवारींत त्याला ऑस्कर मिळालें.

दोषहि आहेत. वटवाघळांचा पाठलाग लांबला आहे. बीन्स बोलतां बोलतां ताठ होऊन थिजते, ही गंमत पहिल्यांदां बरी वाटते; एवढ्या करारी बाईला वारंवार पुतळा करून टाकणें मला रुचलें नाहीं. तेथील मूळच्या रहिवाशांचा प्रतिनिधि म्हणून जो कावळा घेतला आहे, तोहि जुन्या वेस्टर्नमधल्या सांच्यांतूनच काढलेला आहे. इतर सर्व सांच्यांची थट्टा करणाऱ्यांनीं येथें मात्र सांचा तसाच वापरला. आणि आईबापांना सांगावयाचें तें असें कीं, पात्रांच्या तोंडीं विड्या फार आहेत. यावरून अमेरिकेंत धूम्रपानविरोधी मंडळींनीं बराच गिल्ला केला होता. गोळीबार आहे, मद्य आहे, गाडीखालीं चिरडून दोन भागांत पडलेला एक कवचधारी प्राणी आहे, जो तशाहि स्थितींत वेदान्त सांगतो. पालकांनीं विचार करून दाखवावा अशा वर्गांत तेथील मंडळानेंच हा चित्रपट घातला आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला शेजारीं बसवून दाखविण्यास माझी हरकत नाहीं. आठ वर्षांच्याला मीं दाखविला, आणि रात्रीं निजतांना त्यानें खोलींतला दिवा मालवूं दिला नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. चित्रपटाच्या आरंभीं चार घुबडें मेक्सिकन पद्धतीचीं वाद्यें घेऊन येतात आणि प्रेक्षकांना सांगतात कीं, या सरड्याचा मृत्यु लवकरच व्हावयाचा आहे. मधून मधून तीं पुन्हां येतात, तेंच सांगतात, आणि आशेनें वाट पाहात बसतात. शेवटीं गांवांत पाणी येतें, सरडा जिवंतच असतो, आणि त्या घुबडांना आपलें भाकीत पुढच्या एखाद्या दिवसावर ढकलून, वाद्यें तशींच वाजवीत राहावें लागतें.